वायरमन परत आले

दुसऱ्याचं काम नीट बघायचं आणि त्याचं चित्र काढायचं, ही अर्पिताची नोकरी. मुरुमात हे कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. कुणी विचारलं की तिची आई 'सोलापूरला कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं सांगून मोकळी व्हायची, आणि विचारणाऱ्यालाही तेवढं पुरायचं.

सॉफ्टवेअर म्हणजे कुणीतरी गार हवेत बसून खटाखट टाइप करतो, असा लोकांचा समज आहे. त्याआधी कुणीतरी उन्हातान्हात जाऊन विचारून यावं लागतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. तुम्ही हे काम करता कसं? आधी काय, मग काय, अडलं तर काय? लोक जे सांगतात त्याची आकृती काढायची. तिला अॅक्टिव्हिटी डायग्राम म्हणतात. वर एक काळा ठिपका, तिथून काम सुरू. खाली गोल कोपऱ्यांच्या चौकटी, एकेका चौकटीत एकेक काम, आणि एकीकडून दुसरीकडे जाणारे बाण. जिथं वाटा फुटतात किंवा मिळतात तिथं शंकरपाळीच्या आकाराचा चौकोन. ऑफिसात सगळे त्याला शंकरपाळीच म्हणत. आणि क्वचित कुठं एक आडवी, जाड, काळी पट्टी.

शंकरपाळी आणि पट्टी यांतला फरक कॉलेजात दोन मार्कांना विचारतात, पोरं तो पाठ करतात आणि पेपर देऊन विसरतात. दोन वाटा शंकरपाळीत आल्या तर जी आधी पोचेल ती पुढं निघून जाते, मागचीसाठी थांबत नाही. पट्टीपाशी मात्र थांबावं लागतं. एक आली तरी दुसरी येईपर्यंत तिथंच उभं राहायचं, दोन्ही आल्या की पुढं. अर्पिताला हा फरक नुसता पाठ नव्हता, चांगला कळलेला होता. म्हणूनच पुढचं सगळं तिच्या जिवाला लागलं.

तिची कंपनी बारा माणसांची. मालक इंद्रजित, वय पस्तीस, बोलण्यात हुशार. त्यानं काम आणलं होतं ते असं, की उमरगा भागातल्या काही वीज उपकेंद्रांत परमिटची वही बंद करायची आणि ते काम मोबाइलवर आणायचं. परमिट म्हणजे जिवाची चिठ्ठी. वायरमनला खांबावर चढायचं असलं की तो उपकेंद्रात येऊन परमिट घेतो. तिथला ऑपरेटर त्याची लाइन बंद करतो. काम उरकलं की वायरमन परमिट परत करतो, आणि मगच ऑपरेटर लाइन सोडतो, म्हणजे पुन्हा चालू करतो. एवढंच काम, पण त्यात पुढचं मागं झालं की माणूस जातो.

अर्पिता मुरुमची, तिला तिकडची बोली येते, म्हणून इंद्रजितनं तिला चिंचोळवाडीच्या उपकेंद्रात पाठवलं. घरापासून अकरा किलोमीटर. तिथले ऑपरेटर शिवलिंगप्पा, सगळे त्यांना आप्पा म्हणत. सत्तावन्न वर्षांचे, कपाळावर भस्माचे पट्टे, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. आप्पांची एक खोड पंचक्रोशीत माहीत होती. ते कुणालाही अरेतुरे करत नसत. काल कामाला लागलेला ठेक्यावरचा पोरगाही त्यांच्या तोंडी 'आले' आणि 'गेले' असायचा. फाटकातून कुत्रं आत आलं तर आप्पा त्यालाही 'बसा' म्हणतात, अशी वायरमन लोक त्यांच्या तोंडावर चेष्टा करत, आणि आप्पा हसून सोडून देत.

अर्पितानं त्यांच्यासमोर बसून दोन दिवस विचारलं. आप्पांनी कंटाळा न करता सांगितलं. एका लाइनवर एकाच वेळी दोन परमिटं असतात का, हेही तिनं विचारलं. असतात की, ते म्हणाले, दिवाळीच्या आधी झाडं छाटायची असली की तीन-तीन असतात. तिनं लगेच कागदावर दोन वाटा काढल्या. मग ती शेवटाकडं आली आणि लाइन सोडता कधी, असं विचारलं.

“वायरमन आले, सही केली, की म्या लाइन सोडतो,” आप्पा म्हणाले. “त्याआदी न्हाय. खुद्द साहेब जरी फोनवर आले तरी न्हाय.”

आता मराठीतला हा 'आले' बघा. एक माणूस मानाचा असला तरी आले, आणि चार माणसं असली तरी आलेच. अर्पिताच्या घरी वडील बाहेरून आले की आण्णा आले, चुलते आले की काका आले. एका माणसाला आले म्हणायचं वळण तिला लहानपणापासून होतं. त्यात आप्पा तर कुत्र्यालाही मान देणारे. तिनं ऐकलं ते असं, की वायरमन आला, म्हणजे जो कोण असेल तो, त्यानं सही केली, की लाइन सुटते. त्या लाइनचा ज्याचा त्याचा तुकडा वेगळा बंद-चालू होत असेल, हे तिनं मनात धरलं. विचारलं मात्र नाही. दोन वाटा तिनं शंकरपाळीत आणून मिळवल्या आणि खालच्या चौकटीत 'लाइन चालू करा' असं लिहिलं.

इंद्रजितनं ती आकृती बघून एकच दुरुस्ती सुचवली. मोबाइलच्या पडद्यावर मजकूर लहान हवा, 'वायरमन परत आला' एवढंच पुरे. अर्पिता अडून बसली. तिथली माणसं अशी बोलत नाहीत, म्हणाली, आप्पांसमोर कुणा वायरमनला आला म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मग 'वायरमन परत आले' असं ठरलं. आपण आपल्या मुलखाची रीत राखली याचं तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

आकृतीचा मोठा कागद घेऊन ती पुन्हा चिंचोळवाडीला गेली. आप्पांनी चष्मा लावून बोट फिरवत सगळा वाचला. शेवटच्या चौकटीपाशी बोट थांबलं. वायरमन परत आले, लाइन चालू करा. बराबर, ते म्हणाले, हेच तर म्या सांगितलं. आणि कागदाच्या कोपऱ्यात कानडी वळणाची सही केली. दोघांनी एकच ओळ वाचली होती. तिला त्यात एक माणूस दिसला, त्यांना सगळे दिसले.

ॲप दिवाळीनंतर सुरू झालं. वायरमनांना परमिट परत करायला उपकेंद्रात यावं लागेना, खांबाखाली उभं राहून 'काम पूर्ण' असं बटण दाबलं की झालं. तोंडी किंवा फोनवर परवानगी घ्यायची-द्यायची नाही, जे काय ते ॲपवरच, असं वरून पत्रक आलं आणि आप्पांनी ते टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं. चार महिने सगळं बरं चाललं. एका लाइनवर दोन परमिटं तशी कमी वेळा पडत, आणि पडली तेव्हा नशिबानं माणसं मागेपुढे दोन-चार मिनिटांतच मोकळी झाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वावटळीनं एका लाइनचं दोन ठिकाणी नुकसान केलं. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शंभूनं परमिट घेतलं, वीटभट्टीजवळची फुटलेली चिनी मातीची डिस्क बदलायला. शंभू कायम नोकरीतला वायरमन. पाऊण तासानं मुजीबनं घेतलं, सहा किलोमीटर पुढं तुटलेली तार जोडायला. मुजीब मुरुमचा, ठेक्यावरचा, एकतीस वर्षांचा. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून तारा जमिनीला जोडायची साखळी दोघांत एकच होती आणि ती शंभूकडं होती. बारा वाजून दहा मिनिटांनी शंभूचं काम झालं. त्यानं साखळी काढली आणि बटण दाबलं. उपकेंद्रातल्या पडद्यावर हिरवी पट्टी आली. वायरमन परत आले. लाइन चालू करा.

दोघं बाहेर आहेत हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. पण समोर लिहिलं होतं आले. दोघंही आले, असं त्यांनी वाचलं, आणि लाइन सोडली. मुजीब तेव्हा खांबावर, पट्ट्यानं बांधलेला होता.

ही बातमी अर्पिताला आईच्या फोनवर कळली. मुरुमचा मुजीब, बांगडीवाल्या फरिदाबीचा एकुलता एक, लाइनवर गेला. पाठोपाठ इंद्रजितनं सगळ्यांना बोलावून घेतलं आणि नोंदी उघडायला सांगितल्या. नोंदींत काही बिघाड नव्हता. ॲपनं जसं करायला सांगितलं होतं तसंच केलं होतं. मग अर्पितानं आपली आकृती उघडली. वरून खाली बघत गेली आणि शंकरपाळीपाशी आली. तिथं पट्टी हवी होती. हे दिसायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

तिनं उठून इंद्रजितच्या खोलीत जाऊन त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, दार लावलं आणि विचारलं, आकृतीवर सही कुणाची आहे? आप्पांची, ती म्हणाली. मग झालं तर, तो म्हणाला. आपण काम करणाऱ्याला विचारलं, त्यानं सांगितलं ते काढलं, त्याला दाखवलं, त्यानं मान्य केलं. यात आपली चूक कुठं? बारा घरं या कंपनीवर चालतात हेही त्यानं ऐकवलं. शंकरपाळी पुसून पट्टी काढायला दहा मिनिटं लागली. संध्याकाळच्या आत नवीन ॲप सगळ्या उपकेंद्रांत गेलं, आणि सोबतच्या टिपणात 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं होतं.

अर्पिताच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. इंद्रजितचा 'आला' राहिला असता, तर आप्पा तिथंच थबकले असते. कोण आला, असं विचारलं असतं. शंभू आला की मुजीब आला, हे बघितल्याशिवाय त्यांनी हात पुढं केला नसता. मान राखायला तिनं घातलेली एक मात्रा तिथं बसली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगून कुणाला कळलं असतं याचीही तिला खात्री नव्हती.

आप्पा त्याच दिवशी निलंबित झाले. निवृत्तीला आठ महिने उरले होते. निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा गुन्हाही त्यांच्यावर नोंदला गेला. तीन अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली आणि पंधरा दिवसांनी उमरग्याला चौकशी झाली. जाताना गाडीत इंद्रजितनं अर्पिताला बजावलं, विचारतील तेवढंच बोल. तिनं मात्र घरून निघतानाच ठरवलं होतं की सांगून टाकायचं. आप्पांच्या मानेवर ठेवलेला मुजीब आपण उचलायचा, नाहीतर तो म्हातारा हा भार घेऊनच मरेल. तिच्या पर्समध्ये शंकरपाळीच्या जागी पट्टी काढलेला कागदही होता.

आधी शंभूला बोलावलं. शंभू रडत होता. साहेब, तो म्हणाला, पूर्वी वही होती तेव्हा परमिट घेणारा आपला जेवणाचा डबा आप्पांच्या खिडकीत ठेवून जायचा. परत येऊन डबा उचलायचा. खिडकीत एक जरी डबा दिसला तरी आप्पा लाइन सोडायचे नाहीत, आम्ही ओरडलो तरी नाही. आता कुणी उपकेंद्रात येतच नाही तर डबा कोण ठेवणार? समितीतल्या एकानं विचारलं, हे डब्याचं कुठल्या नियमात आहे? कुठल्याच नाही, शंभू म्हणाला. अर्पिताला ती खिडकी आठवली. दोन दिवस ती त्या डब्यांच्या शेजारी बसली होती आणि हे लोक इथं जेवतात वाटतं, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

मग आप्पा. सही तुमची? होय, माझीच. पडद्यावर काय दिसलं? वायरमन परत आले. त्याचा अर्थ काय लावलात? आप्पांना प्रश्नच कळेना. आले म्हणजे आले, साहेब, ते म्हणाले, समदे आले. मग दोघे परत आले असं का लिहिलं नव्हतं, आणि तुम्ही सही करताना ते का सुचवलं नाही? तसं सुचलं नाही, आप्पा म्हणाले.

शेवटी अर्पिता उभी राहिली. मधल्या अधिकाऱ्यानं आकृतीचा कागद तिच्यापुढं सरकवला. तिला एकच प्रश्न विचारला गेला, या आकृतीत काही चूक आहे का? इंद्रजित तिच्या मागच्या खुर्चीत होता, त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. उठताना पर्स तिच्या मांडीवरून सरकून हातात आली होती. आपल्यावरही गुन्हा नोंदेल, आईला मुरुमात तोंड दाखवता येणार नाही, हे त्या एका क्षणात तिच्या डोक्यातून गेलं.

“आकृती आप्पांनी सांगितली तशीच आहे, सर,” ती म्हणाली.

शब्दाशब्दानं खरं होतं ते, म्हणून तर तोंडातून इतकं सहज निघालं. तिनं आप्पांकडं बघायचं टाळलं. पण आप्पाच आपल्या खुर्चीतून अर्धे उठले आणि हात जोडून म्हणाले, “व्हय साहेब. ताईंची चूक न्हाय. म्या बोललो तसंच त्यांनी काढलं.” समितीनं ते लिहून घेतलं. अहवाल महिन्याभरात आला. त्यात, ऑपरेटर शिवलिंगप्पा हा आपल्या कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी आढळून आला, असं होतं. जन्मभर ज्यानं सगळ्यांना आले-गेले म्हटलं त्याला सरकारी कागदानं एका ओळीत 'हा' आणि 'आला' करून टाकलं, हे वाचून अर्पिताचा संताप झाला, आणि संताप करायचा आपल्याला काय हक्क आहे, हेही तिला लगेच कळलं.

एप्रिलच्या शेवटी ती मामेबहिणीच्या लग्नाला मुरुमला आली. आईनं बांगड्या भरायला पाठवलं. बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान फरिदाबीचंच. तिथं जायचं नाही म्हणून अर्पितानं दोनदा टाळून बघितलं, पण करवलीला हिरव्या बांगड्या हव्यात म्हणून आई अडून बसली. दुकानात गर्दी नव्हती. फरिदाबीनं न बोलता तिचा हात आपल्या हातात घेतला, बोटं दाबून मऊ केली आणि एकेक बांगडी चढवायला लागली. तिसऱ्या बांगडीला ती थांबली.

“बेटी, तूच ना ते मोबाइलचं काढलं? आप्पाजवळ दोन दिवस बसून समदं इचारलंस म्हणं,” ती म्हणाली. हात तिनं सोडला नव्हता. “मंग मला येवढं सांग, त्येनं आसं का केलं? तीस वर्सं आमच्या घरचा शीरखुर्मा खाल्ला त्येनं. मुजीबला बारका आसताना खांद्यावर घिऊन फिरवला. आता माझ्या दारावरनं जायाचं झालं तर रस्त्याच्या त्या अंगानं जातो, मान खाली घालून. मला त्येच्यावर राग धराया बी येत न्हाय आन् सोडाया बी येत न्हाय. तू तरी सांग.”

मला माहीत नाही, एवढंही तिला म्हणवेना. फरिदाबीनं थोडी वाट बघितली, मग उरलेल्या बांगड्या चढवल्या आणि सवयीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

त्या दुपारी लग्नघर सोडून अर्पिता माळवदावरच्या खोलीत बसली आणि तिनं दोन पानं लिहिली. आकृती काढताना मी चूक केली. दोन वायरमन एका लाइनवर असतात हे मला सांगण्यात आलं होतं. दोघंही परत आल्याशिवाय लाइन चालू होणार नाही अशी पट्टी मी काढायला हवी होती, ती काढली नाही. शिवलिंगप्पांनी सांगितलं ते बरोबर होतं, मी ते चुकीचं ऐकलं. अपघाताच्या दिवशीच ही चूक मला दिसली होती आणि समितीपुढं मी ती लपवली. खाली सही आणि तारीख. दुसऱ्या दिवशी ती उमरग्याला जाऊन ते देऊन आली आणि पोचेचा शिक्का मारलेली प्रत घेऊन आली. तिसऱ्या दिवशी इंद्रजितनं तिला कामावरून काढलं. वरच्या ऑफिसातून उत्तर यायला मात्र सात आठवडे लागले. चौकशी पूर्ण झाली आहे, संबंधित कर्मचाऱ्यानं सही आणि पद्धत दोन्ही स्वतः मान्य केली आहे, सबब आपलं निवेदन दप्तरी दाखल करण्यात येत आहे. गुन्ह्याचं काय ते कोर्ट बघेल.

दप्तरी दाखल म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही तिनं ती दोन पानं घेतली आणि चिंचोळवाडीला आप्पांच्या घरी गेली. सरकारनं नाही तर नाही, निदान त्या माणसाला कळलं पाहिजे की मुजीब त्याच्या हातून गेला नाही. आता तिला एवढंच हवं होतं. पोलीस स्टेशन, नोकरी, गावातली बोलणी, यातलं काहीच तिला आता मोठं वाटत नव्हतं.

आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. त्यांनी तिला बसा म्हटलं, घरातून पाणी मागवलं, आणि दोन्ही पानं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मग ती पट्टी कशी असते ते दाखवा म्हणाले. अर्पितानं बोटानं मातीत दोन वाटा काढल्या, खाली आडवी रेघ ओढली आणि सांगितलं.

“म्हंजे दोघं आल्याबिगर फुडं जायाचंच न्हाय.”

ती हो म्हणाली.

“म्या बी तेच बोललो हुतो, ताई.”

ती पुन्हा हो म्हणाली. मग चौकशीत का बोलला नाहीत, असं त्यांनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. भ्याले, ती म्हणाली. आप्पांनी मान हलवली. आता यांच्या मनावरचा भार उतरेल, थोडं तरी रडतील, असं तिला वाटत होतं. पानांची व्यवस्थित घडी करून त्यांनी ती तिच्या हातात परत दिली.

“तुमी लिहून दिलंत, लई मोटं केलंत,” ते म्हणाले. “पर एक हाय, जे कुनी इचारलं न्हाय. लाइन सोडली तशी ती झटका खाऊन लगीच पडली, म्हंजे आपसूक बंद झाली. पडली की एकदा पुन्यांदा घालून, चालू करून बघायची, ही आमची जुनी रीत. फांदी-बिंदी चिकटली आसंल तर जळून जाती. समितीला ते नोंदीत दिसलं, पर त्यात काय वावगं वाटलं न्हाय. म्या घातली. त्या बारीला पडद्यावर काय लिहिलेलं न्हवतं.”

रीत होती ना आप्पा, तुम्हाला काय माहीत, असं काहीतरी अर्पिता म्हणाली.

“त्या खांबापाशी एक शेळ्यावाली बाई हुती,” आप्पा म्हणाले. “ती चौकशीला आली न्हाय, भ्याली आसंल. मला मातुर घरी यिऊन सांगून गेली. पयला झटका बसल्यावर मुजीबनी खाली बघून आईला हाक मारली म्हने. म्हंजे म्या पुन्यांदा घातली तवा मुजीब होते, ताई.”